सासऱ्यांखालचा नेचा

सासऱ्यांच्या गादीखाली नेचा आहे, हे सासरे सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सूनबाई फोटोग्राफर. पानं-फांद्या टिपकागदात दाबून वाळवायच्या, त्यांचे फोटो काढायचे आणि फोटोंवर सुईदोऱ्याने टाके घालायचे, ही तिची कला. प्रदर्शनाला बारा फोटो हवे होते, अकरा तयार होते. बाराव्यासाठी आणलेला नेचा, म्हणजे फर्न, मात्र भलताच हट्टी निघाला. शब्दकोशाच्या चार खंडांखालीही त्याची झिरमिळी पानं वाकडीच. मग तिची नजर सासऱ्यांवर गेली. नव्वद किलो, आणि निवृत्तीपासून दिवसाचे चौदा तास आडवे! एवढं भरवशाचं वजन बाजारात मिळतं होय?

"दहा दिवसांचा तर प्रश्न," सासूबाई म्हणाल्या. "तेवढेच कुणाच्या उपयोगी पडतील."

आठव्या दिवशी सासरे कण्हत उठले. "अगं, कूस बदलली की माझा मणका कुरकुरतो!"

"वय झालं आता," सासूबाई म्हणाल्या आणि घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या.

सासऱ्यांनी धास्ती घेतली आणि डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी त्यांना वाकवलं, वळवलं, पाठीला कान लावला; आवाज काही येईना. शेवटी म्हणाले, "गादी सोडा, आजपासून जमिनीवर झोपा."

सूनबाईने दिवस मोजले. चार दिवसांवर प्रदर्शन, आणि नेचा अजून पुरता सपाट झालेला नाही!

"बाबा, जमीन गार असते हो. दोनच दिवस गादीवर झोपा ना," ती काकुळतीला आली.

सुनेला आपली एवढी काळजी? सासऱ्यांना संशय आला. त्यांनी गादी उचलली.

"हे काय? मी या घरात माणूस आहे की इस्त्री?"

कमरेच्या जागी नेचा मुडपून मधोमध तुटला होता. सूनबाईने तुकडे हातात घेतले. "संपलं सगळं," म्हणत ती रडायलाच लागली.

सासऱ्यांचा राग कुठच्या कुठे गेला. "रडतेस काय वेड्यासारखी? फोटो काढ, आणि मोडलंय तिथे घाल चार टाके. फाटलेल्या सदऱ्याला आपण काय करतो?"

तिने लाल दोऱ्याने टाके घातले. प्रदर्शनात सगळी गर्दी त्याच फोटोपुढे, आणि शेजारी ताठ उभे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ही मोडतोड माझी!" कलादालन चालवणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे आणखी बारा फोटो मागितले.

आठवड्याने सासूबाई दारातून ओरडल्या, "अहो, उठा! नळ गळतोय, प्लंबरला घेऊन या!"

"मला जमणार नाही," गादीवरून उत्तर आलं. "खाली सहा फांद्या आहेत."

"आई, प्लीज, त्यांना उठवू नका," सूनबाई कळवळून म्हणाली.

"मग चहाला तरी उठतील का?"

"चहा इथेच आण," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "मी कामावर आहे."