काटा हिरव्यात आहे

वाहन तपासणी कार्यालयाचे मुख्य निरीक्षक अत्यंत कडक होते. दिव्याच्या काचेत मेलेला डास सापडला तरी ते गाडी परत पाठवत. "नियम म्हणजे नियम," असं म्हणताना त्यांचा आवाज खाली जाई आणि समोरच्याचा चेहरा त्याहून खाली. असा माणूस स्वतःच्या हाताने घरी गाडीत बदल करायला बसला, तेव्हा शेजाऱ्यांना बरं वाटलं. शहरात निदान एक गाडी तरी नियमाने धावणार होती.

गाडी वडिलांची, जुनी, पण गुणी. वडील पंच्याऐंशीचे, आणि त्यांची मागणी एकच होती: टेकडीवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला एकदा याच गाडीतून भेटून यायचं. ताई अंथरुणाला खिळली होती. फोनवर रोज विचारायची, "निघालास का रे?"

"चिरंजीव गाडी तयार करतायत," वडील सांगायचे.

तयार म्हणजे हॉट रॉड. हा प्रकार निरीक्षकांनी मोबाईलवर पाहिला होता: छप्पर बसकं, इंजिन दांडगं, बॉनेट सताड उघडं आणि मालकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा पहिल्याच दिवशी आला. मग छप्पर कापलं गेलं, भलंमोठं इंजिन बसलं. त्याने सगळी जागा खाल्ल्यावर लक्षात आलं, की त्याला थंड ठेवणारा रेडिएटर चार बोटं जास्त रुंद पडतोय.

"होती तशी चांगली चालत होती की," बायको म्हणाली.

"चालणं हा मूळ उपयोग झाला. ही सुधारणा आहे."

सुधारणेच्या सोयीसाठी रेडिएटर चार बोटं कापण्यात आला. कडेच्या नळ्या भंगारात गेल्या, उरलेल्याला निरीक्षकांनी स्वतः डाख दिला. तोंडं बंद करून त्यांनी तो कपडे भिजवायच्या टबात बुडवला आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. टबभर बुडबुडे आले. कार्यालयात ते एका थेंबाच्या गळतीवर गाडी नापास करत. पण ती गाडी लोकांची असे. घरी त्यांनी बुडबुड्यांचे दोन वर्ग पाडले, आक्षेपार्ह आणि किरकोळ. सगळेच्या सगळे किरकोळ निघाले. त्यांच्यावर भेगा बुजवायची लांबी फासून वरून काळा रंग मारण्यात आला.

पहिल्या फेरीत गल्लीचं टोक येण्याआधीच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. आता रेडिएटर वाढणार नव्हता. इंजिन लहान करावं, तर त्याचे फोटो चारचौघांना पाठवून झाले होते. बदलण्यासारखा राहिला तो फक्त लाल पट्टा. निरीक्षकांनी काच काढली, वाटीत रंग कालवला आणि बारीक ब्रशाने तो हिरवा केला.

"अहो, पण इंजिन तेवढंच तापणार ना?"

"तापणार. पण मर्यादेत."

ठरल्या दिवशी वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला. ताईसाठी घेतलेले लोकरीचे पायमोजे खिशात ठेवले. काठी मात्र कोपऱ्यातच राहू दिली. गाडीने तर जायचं होतं. "ताई, निघालो गं," त्यांनी फोनवर सांगितलं.

टेकडीच्या अर्ध्या चढावर पुढून वाफ उसळली.

"अरे, वाफ बघ!"

"काटा हिरव्यात आहे, बाबा."

"मला रस्ता दिसत नाहीये."

"मलाही नाही दिसत. काटा दिसतोय."

खाडकन आवाज झाला, इंजिन जाम झालं आणि गाडी थांबली. काटा हिरव्यातच होता. वडिलांनी दार उघडलं. "तू काट्याकडे बघत बस. मी ताईला बघून येतो," असं म्हणून ते रस्त्याकडेचा कठडा धरत चढायला लागले. वर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि श्वास छातीत मावत नव्हता.

"गाडीने आलास ना रे?" ताईने विचारलं.

"हो," ते म्हणाले. या वयात थोरल्या बहिणीशी खोटं बोलावं लागलं, याचा त्यांना मनस्वी संताप आला. तो त्यांना उरलेल्या आयुष्याला पुरला.

निरीक्षकांनी वरिष्ठांना रीतसर अहवाल दिला: काटा अखेरपर्यंत हिरव्यात असल्याने इंजिन तापल्याची शक्यता निकालात निघते. वरिष्ठांना अहवालापेक्षा सोबत जोडलेल्या सुधारणांच्या यादीतला ब्रश आवडला. महिन्याभरात प्रत्येक तपासणी केंद्राला एक ब्रश आणि हिरव्या रंगाचा एक डबा मिळाला, शहरातल्या तापणाऱ्या गाड्या एकदम शून्यावर आल्या आणि निरीक्षकांना बढती मिळाली. लोकही खूश झाले. इतकी वर्षं फुकट हेलपाटे घातले, म्हणाले.

तुमचीही गाडी यंदा पहिल्या फटक्यात पास झाली म्हणे. अभिनंदन. आतला हिरवा रंग कारखान्याचा की ब्रशाचा, हे काच काढली की कळेल. पण आपलं काम झालंय, तर तुम्ही कशाला काढताय? फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघाल, तेव्हा त्यांना काठी बरोबर घ्यायला सांगा.