मुंगीचं अंडं

आईबाबांची लाडकी मुंगी खायची चारच गोष्टी: दूध, पाव, अंडं आणि उकडलेला बटाटा. बटाटाही सोललेला हवा आणि ताटात दुसऱ्या कशाला टेकलेला नको. त्यामुळे तिच्या अंगावर वरचेवर उठणाऱ्या लाल, खाजऱ्या गांधी पाहून डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे दूध, गहू आणि अंडी बंद करायला सांगितली, तेव्हा आईने बोटांवर मोजून पाहिलं. राहिला बटाटा.

"ही जगेल ना?" तिने हळूच विचारलं.

"जगेल. भूक लागली की मुलं खातात," बाई म्हणाल्या.

मुंगीला हे कोणी कळवलं नव्हतं. आई रोज नवं काहीतरी पुढे ठेवायची. भोपळ्याचं सूप, भाताचे गोळे, किवीच्या फोडी. मुंगी ताटाकडे असं बघायची की ताटानेच ओशाळावं. मग बाबा ते सगळं संपवायचा. अन्न टाकणं त्याच्या जिवावर यायचं, आणि त्याला न आवडणारा पदार्थ अजून कोणी बनवला नव्हता.

आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवशिके गाडी थेट खांबावर घालायला निघाले तरी ती शांतपणे चाक वळवायची. आता मात्र रिकाम्या रस्त्यावरही तिचा पाय ब्रेकवर जाऊ लागला. बाबा घड्याळं दुरुस्त करायचा. तो डोळ्याला भिंग लावून रोज मुंगीची कातडी तपासायचा आणि त्या भिंगातून प्रत्येक रंध्र त्याला नवी गांध वाटायचं.

गांधी खरंच गेल्या. पण सुटका झाली नव्हती, कारण आता बंद केलेलं एकेक परत सुरू करून पाहायचं होतं. आधी अंडं. घरीच सकाळी थोडं द्या आणि लक्ष ठेवा, असं बाईंनी सांगितलं होतं. पण घरून दवाखान्यात पोचेपर्यंत काही झालं तर, या विचाराने आईबाबांची झोप उडाली. शेवटी असं ठरलं की अंडं दवाखान्याच्या फाटकाशी, गाडीतच खाऊ घालायचं.

मागच्या सीटवर मधे मुंगी, एका बाजूला अंड्याचा आणि किवीच्या फोडींचा डबा धरलेली आई, दुसऱ्या बाजूला डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या गालाला चिकटलेला बाबा. रखवालदाराने हे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा काचेवर टकटक केली.

"काय चाललंय?"

"अंडं," बाबा म्हणाला.

सगळी हकीकत ऐकल्यावर रखवालदार तिथेच थांबला. आता तोही मुंगीकडे टक लावून बघू लागला. मुंगीने तिघांची तोंडं एकामागून एक न्याहाळली.

"मी मरणार आहे का?" तिने विचारलं.

आईने डब्यातून अंडं काढलं. बाबाने घाईघाईने डब्यातल्या किवीच्या फोडी तोंडात टाकायला सुरुवात केली. खाणं किती साधी गोष्ट आहे, हे त्याला दाखवायचं होतं. मुंगीने किवीकडे पाठ फिरवली आणि आईच्या हातातलं अंडं घेतलं. आई एक तुकडा म्हणत होती, तोवर आख्खं अंडं गायब झालं.

तिघेही तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबाचे ओठ चुरचुरायला लागले होते, पण ते भीतीने असेल म्हणून तो बोलला नाही. तेवढ्यात आईला मुंगीच्या गालावर एक लालभडक वर्तुळ दिसलं. तिने मुलीला उचललं आणि ती धावत सुटली. पुढे रखवालदार वाट मोकळी करत होता, मागून बाबा येत होता.

डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला, घसा पाहिला, छाती तपासली. मग गालावरून बोट फिरवलं.

"हा कशाचा तरी ठसा आहे. काही टेकवलं होतं का इथे?"

आईने बाबाच्या डोळ्यावरच्या भिंगाकडे पाहिलं. ती रागवणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. भिंगाखाली बाबाचे ओठ सुजून दुप्पट झाले होते.

मग धावपळ झाली ती बाबाची. त्याला इंजेक्शन दिलं आणि खाटेवर झोपवलं. सूज उतरू लागली, तशी आई खाली बसली. मुंगी शेजारच्या स्टुलावरून अजून एक अंडं मागत होती.

"किवीच असावी," बाई म्हणाल्या. "पण खात्री करायला हवी. यांचंही एकेक बंद करून बघू. हे काय काय खातात?"

आईने उठून बाईंकडे खुर्ची सरकवली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही आधी नीट टेकून बसा."