सासरेबुवांची अभ्यासिका

गालिचा फाजील जाड आहे हे सासरेबुवांच्या लक्षात आलं, तेव्हा दार वीतभर उघडून अडकलेलं होतं आणि सूनबाई आत होती.

"बाबा, जरा जोरात ढकला."

"ढकलतोय गं. तू तिकडून ओढ."

"ओढतेच आहे. गालिचा गोळा होऊन दाराखाली येतोय."

दार लावून घेतलं की गालिचा उंबऱ्यापर्यंत नीट पसरता येईल, ही कल्पना सासरेबुवांचीच. शेवटी सूनबाई खिडकीतून बाहेर आली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात प्रबंधाचे कागद, केसांत खोवलेलं पेन. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सासरेबुवांना फार वाटलं.

सासरेबुवांची सगळी हयात वजनमापे खात्यात गेलेली. निवृत्त झाल्यावरही टेप खिशात असायचाच. खोलीची लांबी-रुंदी त्यांनी दोनदा मोजली होती, गालिच्याचीही मोजली होती. जाडी मोजायची राहिली. माणूस जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासतो आणि स्वतःच्या घरात असा तोंडघशी पडतो, त्याला कोण काय करणार?

पण हेतू चांगला होता, हे कुणालाही कबूल करावं लागेल. गेल्या वर्षी सासरेबुवा जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. मुलगा जहाजावर नोकरीला, निम्मं वर्ष पाण्यात. घरात हे दोघंच. त्यांचं सगळं उठणं-बसणं सूनबाईने केलं, आणि तिचा शेवाळावरचा प्रबंध जो कपाटात गेला तो वर्षभर बाहेर निघाला नाही. आता विद्यापीठाने निर्वाणीचं कळवलं होतं. महिनाअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत गेली बाराच्या भावात, तीही कुणाच्या तरी तंगडीपायी. हा विचार आला की सासरेबुवांच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशात पानगळ सुरू झाली. दिवस लहान झाले, सकाळी बोटं गारठायला लागली, आणि मोठ्या रस्त्यावरच्या गृहसजावटीच्या दुकानाने आपल्या काचेत एक अख्खी अभ्यासिका मांडली. विटकरी पडदे, मोहरीच्या रंगाचा गालिचा, पिवळ्या उजेडाचा दिवा, उंच पाठीची खुर्ची, ऐसपैस टेबल, आणि खाली पसरलेली खरीखुरी वाळलेली पानं. सासरेबुवा काचेला नाक लावून उभे राहिले. अशा खोलीत बसलं तर दगडसुद्धा प्रबंध लिहील, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्याच दिवशी त्यांनी गालिचा उचलला. पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने दार उतरवलं, खालून रंधा मारला आणि परत बसवलं. दार गालिच्यावरून झुळकन फिरायला लागलं. मात्र आता दाराखाली एवढी फट राहिली, की बाहेरचा गार वारा सरळ आत शिरून शेवाळाच्या प्रबंधाची पानं घरभर फिरवू लागला.

"बाबा, मी ग्रंथालयात जाऊन बसते," सूनबाई शांतपणे म्हणाली.

"अगं, दोन दिवसांचं काम आहे. मग बघ, उठावंसं वाटणार नाही तुला."

"हो. तोवर जाते."

सासरेबुवांनी तिला डबा भरून दिला. आजारपणात ती त्यांना सफरचंद कापून द्यायची, म्हणून आता ते तिला देत. फोडी अगदी मापात. एकीपेक्षा दुसरी केसभर जास्त नाही.

वाऱ्यावर उपाय म्हणजे जाड पडदा. सासरेबुवा दुकानाकडे निघाले. काचेत आता एक पुतळाही बसवलेला होता. बाईचा, रस्त्याकडे पाठ करून, खांद्यावर लोकरीची शाल, टेबलावर वाकून लिहिणारा. त्यांना भरून आलं. 'दुकानातला पुतळा अभ्यास करतोय, आणि जिला खरोखर करायचाय तिला घरात धड जागा नाही!' त्यांनी पडदे तर घेतलेच, वर तशीच शालही घेतली.

पडद्याची दांडी बसवताना भिंतीचा गिलावा पडला. थोडाथोडका नाही, चांगला परातभर.

"भिंत ओल धरून होती, काका," सुतार म्हणाला. "मी नुसता हात लावला."

"हात नव्हे, ड्रिल लावलंत. आता हे झाकायचं कशाने?"

झाकायला पुस्तकांचं उंच कपाट आलं. कपाटाने भिंतीवरची बटणं झाकली. म्हणून कपाटाच्या पाठीला भोक पाडलं. भोकातून हात घातला तर बटण सापडेना, म्हणून भोक मोठं केलं. मोठ्या भोकामुळे कपाट एका बाजूला कलायला लागलं, म्हणून त्याला पाय लावायला घेतले. आठवडाभर घरात अशी ठोकाठोक चालली होती की शेजाऱ्यांनी घर विकायला काढलंय का, अशी चौकशी केली. सूनबाई सकाळी डबा घेऊन जायची, दिवेलागणीला यायची, खोलीत डोकावून "छान होतंय" म्हणायची आणि झोपायची.

आणि सासरेबुवा रोज काही ना काही आणायला दुकानात जायचे. पुतळ्याचं त्यांना फार कौतुक वाटायचं. एक दिवस त्याचा हात कपाळाला लावलेला, दुसऱ्या दिवशी पुस्तकावर. 'रोज बैठक बदलतात! याला म्हणायचं धंद्यातली निष्ठा.' महिना मात्र संपत आला होता, खोली तयार होत नव्हती, आणि त्यांना रात्री डोळा लागेना. शेवटी एका दुपारी ते तावातावाने दुकानात शिरले.

"हे बघा," ते मालकीणबाईंना म्हणाले, "काचेतलं ते टेबल मला आजच्या आज पाहिजे."

"टेबल मिळेल, पण महिनाअखेरीला. सध्या त्यावर काम चाललंय."

"पुतळ्याचं कसलं आलंय काम?"

"हळू बोला हो! पुतळा काय म्हणता? बाई आहेत त्या." मालकीणबाईंनी आवाज खाली आणला. "ग्रंथालय रंगकामासाठी बंद आहे. या बिचाऱ्या समोरच्या बाकावर थंडीत कुडकुडत लिहीत बसल्या होत्या. वाऱ्याने कागद उडाले, ते गोळा करायला मी धावले. म्हटलं, आत येऊन बसा. तेव्हापासून लोक थांबून बघतात, आत येतात. एक आजोबा तर रोज काहीतरी घेऊन जातात."

"कोण आजोबा?"

"तुम्हीच की."

सासरेबुवांनी मान लांब करून आतल्या बाजूने पाहिलं. टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडा होता. त्यात सफरचंदाच्या फोडी होत्या. एकीपेक्षा दुसरी केसभर जास्त नाही.

जवळच्या विकाऊ खुर्चीत ते मटकन बसले.

"ह्यांना... घर नाही का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आहे ना. घरात सासरे आहेत. देवमाणूस आहेत म्हणतात. इतकी माया, की बसू म्हणून देत नाहीत." मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. "पण शेवटचं प्रकरण चालू आहे म्हणे. अशीच शांतता मिळाली तर चार-पाच दिवसांत हातावेगळं होईल."

सासरेबुवांना वाईट वाटलं. चांगलं खोलवर वाटलं, उगाच का लपवा? आपण केलेल्या खोलीत नाही आणि रस्त्यावरच्या काचेत बसून पोरगी लिहिते! तिला हाक मारावी, म्हणून त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात तिने केसांतलं पेन उपसलं आणि भराभरा लिहायला लागली, मान वर न करता. सासरेबुवांनी तोंड मिटलं आणि चोरासारखे मागच्या दाराने बाहेर पडले.

घरी सुतार हत्यारं पुसत होता.

"काका, खूशखबर! आज संपतंय काम. एक पाय राहिलाय कपाटाचा."

"आज?" सासरेबुवा दचकले. खोली तयार झाली की सूनबाईला घरी बसावं लागणार. मग ती नाही म्हणणार नाही, आणि लिहिणारही नाही. "आज नाही संपवायचं. महिनाअखेरपर्यंत पुरवा."

सुताराने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे तुम्ही पण?"

"मी पण म्हणजे?"

"अहो, ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, हळूहळू करा म्हणून. नाहीतर पाय लावायला मला आठवडा लागतो होय? आजवर ओढलं, पण आता काढायला कामच उरलं नाही." तो जरा घुटमळला. "त्या म्हणाल्या, खोली झाली की बाबा घडीघडी चहा घेऊन येणार, कसं वाटतंय विचारणार. त्यांना नको म्हणवत नाही. दुखावतील."

सासरेबुवांनी ते तीन पायांचं कपाट हाताने हलवून पाहिलं.

"लावलेले पाय काढा," ते म्हणाले, "आणि परत लावा."

दिवेलागणीला सूनबाई आली. "कसं चाललंय, बाबा?"

"अजून बरंच आहे गं," सासरेबुवा गंभीरपणे म्हणाले. "ग्रंथालयात गर्दी?"

"नाही. शांत असतं."

"उद्यापासून फोडी जरा जास्त देतो. दोघींना पुरतील."

सूनबाई जागच्या जागी थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते कपाटाकडे पाहत होते. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती म्हणाली एवढंच, "त्यांना मीठ लावून आवडतात."

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी विद्यापीठात पोचला. त्याच संध्याकाळी सुताराने कपाटाचा चौथा पाय कायमचा लावला. सूनबाई पहिल्यांदाच त्या खोलीत पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसली. सासरेबुवा चहा घेऊन आले, पण दारातच थांबले आणि काहीही विचारलं नाही. फार कष्ट पडले त्यांना.

"छान वाटतंय, बाबा," ती आपणहून म्हणाली. "आता या प्रबंधाचं पुस्तकसुद्धा इथेच लिहीन. फक्त ते दुकानातलं टेबल असतं ना..."

"घेतलंय!" सासरेबुवांच्या तोंडून निघूनच गेलं. "उद्या सकाळी येतंय."

"अय्या! पण बाबा, ते या दारातून आत जाईल?"

सासरेबुवांनी खिशातून टेप काढला. दार एकदा मोजलं. मग पुन्हा मोजलं. बाहेर सुतार आपली हत्यारं पिशवीत भरत होता.

"दादा," सासरेबुवांनी हाक मारली, "जरा थांबा."