गाडी घेऊन येतोय!

सेकंडहँड गाडी पारखावी तर ती मीच! हे मी माझ्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. दारावर टकटक केली की ते दार पूर्वी कुठे आपटलंय हे मला कळतं. सायलेन्सरचा धूर हुंगला की मालकाने ऑइल वेळेवर बदललंय का, हे कळतं. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी मला सोबत नेतात. म्हणजे, एकदा नेलं होतं.

तर अशा पारखी माणसाने स्वतःसाठी गाडी बघायची ठरवली. तीही साधीसुधी नाही! मिडसाइझ, लक्झरी, परदेशी बनावटीची, फोर बाय फोर एसयूव्ही! डोंगर चढणारी!

"डोंगर?" माझी बायको उज्वला म्हणाली. "इंदिरानगरच्या बोगद्यातून गाडी काढताना घाम फुटतो तुम्हाला!"

"तुझ्या आईसाठी बघतोय," मी म्हणालो.

हे बाकी खरं होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे कुसाबाई, हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर राहतात. डांबरी रस्ता खाली पायथ्याशीच संपतो. तिथून घरापर्यंत नुसती चढण. दगड, खड्डे आणि दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या! पावसाळ्यात त्यांचा गुडघा पार गेला, तेव्हा चौघांनी त्यांना बाजेवर घालून खाली आणलं होतं. नाशकात ऑपरेशन झालं, त्या हळूहळू पावलं टाकू लागल्या, आणि मग त्यांनी घराचा धोशा लावला. तिकडे खळ्यावर नागली, म्हणजे नाचणी, येऊन पडली होती आणि ह्या आमच्या चौथ्या मजल्यावर! पण चढण चढायला डॉक्टरांची सक्त मनाई. माझ्या छोट्या गाडीचं त्या चढणीवर मागे एकदा खालचं ऑइल चेंबर फुटलेलं. राहिली ती बाज.

"बाजेवर मी नाय जायची," सासूबाई म्हणायच्या. "चौघांच्या खांद्यावरनं एकदा उतरले, बास झालं. आता पुन्यांदा चौघं लागतील ते शेवटालाच! घरी मी बसून जाईन. माझ्या दारात माझ्या पायानं उतरंन."

रोज संध्याकाळी त्या बाल्कनीत बसून त्र्यंबकच्या दिशेच्या डोंगरांकडे बघत राहायच्या. मला ते बघवत नव्हतं. जावई झालो म्हणून काय झालं, माणूसच आहे मी!

गाडी सापडली गंगापूर रोडला. बघायला उज्वलाही सोबत आली. मालक शेखरराव, नुकतेच निवृत्त झालेले. अंतरपाट दूर करावा तसं त्यांनी गाडीवरचं कव्हर अलगद बाजूला केलं.

"सिंगल ओनर," ते म्हणाले. "उन्हात काढलेली नाही. पावसात काढलेली नाही. डांबर सोडून कधी खाली उतरलेली नाही."

"मग काढता कधी?"

"दसऱ्याला. पूजेसाठी. तेही कुंकू कागदावर लावतो आणि मग तो कागद बॉनेटवर ठेवतो. रंगाला काही व्हायला नको!"

"आणि मग विकताय कशाला?"

शेखररावांचा आवाज खाली आला. "बायको म्हणते, सारखी हिला पुसत बसता, मला कधी फिरवता? हिला विका, नाहीतर मी माहेरी जाते!"

मी कामाला लागलो. टकटक केली. धूर हुंगला. धूर येतच नव्हता, तरी हुंगला. मग खिशातून लोहचुंबक काढलं. हे तंत्र मी व्हिडिओत पाहिलं होतं. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली असते, म्हणजे गाडी ठोकलेली असते! आमच्या फ्रीजवरचं द्राक्षाच्या घडाचं लोहचुंबक मी दाराला लावलं. पडलं. बॉनेटला लावलं. पडलं. डिकीला लावलं. पडलं!

"शेखरराव!" मी ओरडलो. "फसवता काय? ही अख्खी गाडी पुट्टीची आहे!"

"अ‍ॅल्युमिनियमची आहे," शेखरराव शांतपणे म्हणाले.

उज्वलाने द्राक्षाचा घड उचलून पर्समध्ये टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही!

आता काहीतरी बोलणं भाग होतं. "बाहेरून बघून काय कळतं?" मी म्हणालो. "गाडीची परीक्षा रस्त्यावर होते. उद्या ट्रायल घेऊ. हरसूलकडे!"

"रस्ता डांबरी आहे ना?"

"हरसूलच्या पुढपर्यंत एकदम डांबरी!" मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं. त्याच्या पुढचं त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन मी माझ्या मेव्हण्याला, राजूला, फोन लावला. "राजू, उद्या आईंना सोडायला येतोय. गाडी घेऊन येतोय!"

"काय सांगता दाजी! कोणची?"

"मोठी! फोर बाय फोर!"

"आयला!" राजू म्हणाला आणि फोन बंद झाला. मला काहीच खटकलं नाही.

सकाळी शेखरराव गाडी घेऊन आमच्या दारात हजर झाले. स्टेअरिंग कुणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. पायाखाली त्यांनी वर्तमानपत्रं अंथरली होती. तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात काठी, मागे उज्वलाच्या हातात तीन पिशव्या, आणि काखेत गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट. पाड्यावर सगळ्यांना दाखवायचे होते!

"आजीसुद्धा ट्रायलला?" शेखररावांनी विचारलं.

"मागे वजन हवं ना," मी म्हणालो. "सस्पेन्शन कळतं."

त्र्यंबक मागे पडलं, हरसूल मागे पडलं. शेखरराव समोरून ट्रॅक्टर आला की श्वास रोखत होते. सासूबाई मात्र खुशीत होत्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "एवढी ग्वाड गाडी इकता कशाला वो?" शेखररावांनी बाहीने डॅशबोर्ड पुसला.

शेवटी डांबर संपलं. तिथे पाहतो तर काय, अख्खा पाडा रस्त्यावर उभा! आंब्याच्या पानांचं तोरण! वाजंत्री! पाच-सहा नारळ! आणि सगळ्यांच्या पुढे, नवं धोतर नेसलेले माझे सासरे, पुंजामामा.

"कुणाचं लग्न आहे का हो?" शेखररावांनी काच खाली करून विचारलं.

"लगीन कशाचं!" राजू धावत आला. "दाजींनी गाडी घेतली ना! तिची पूजा!"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. गाडी घेऊन येतोय! मी म्हणालो, गाडी सोबत घेऊन येतोय. राजूने ऐकलं, गाडी विकत घेऊन येतोय! मायमराठीने ऐन वेळी माझ्या पाठीत सुरा खुपसला होता.

"राजू, ऐक," मी म्हणालो, पण वाजंत्री सुरू झाली.

तानुबाई, म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ, ताट घेऊन पुढे आली. तेलात कालवलेल्या कुंकवात तिने अंगठा बुडवला आणि बॉनेटच्या बरोब्बर मध्ये चांगलं ताटाएवढं स्वस्तिक काढलं! तोवर राजूने चारही चाकांखाली लिंबं सारली होती. झेंडूचा हार गाडीच्या पुढच्या जाळीला बांधला गेला, तोही तारेने! मग पुंजामामांनी नारळ फोडला आणि पाणी काचेवर शिंपडलं.

"कागद!" शेखरराव पुटपुटले. "निदान कागद तरी ठेवा!"

"डायवरदादा, उतरा खाली!" कुणीतरी त्यांचं दार उघडलं. "तुमचा बी मान हाय!" आणि पाहता पाहता शेखररावांच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात टॉवेल आला.

आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं. मी खाली उतरून एका दगडावर चढलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांबा! ही गाडी माझी नाही!"

वाजंत्री थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुंजामामांचे डोळे भरून आले.

"ऐकलं का रे?" ते पाड्याला म्हणाले. "जावाई म्हणतो, गाडी माझी नाय! म्हंजे तुमची हाय, समद्यांची हाय! असा जावाई पाहिला का कुणी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला!

"अहो, माझी आहे! गाडी माझी आहे!" शेखरराव टोपी सावरत ओरडले.

"बघा, डायवर बी कसा," तानुबाई कौतुकाने म्हणाली. "मालकाची गाडी, पण आपली समजतो. लय इमानी माणूस!"

पुन्हा टाळ्या! उज्वला मागच्या सीटवर पदरात तोंड लपवून हसत होती. ती पदर घेत नाही एरवी, त्या दिवशी आईचा घेतला.

शेखरराव तडक गाडीत येऊन बसले. मीही मागोमाग शिरलो. चेहरा कुंकवाइतका लाल. "डांबर संपलं," ते म्हणाले. "ट्रायल संपली. उतरा सगळे. मी निघालो नाशकाला."

मी त्या चढणीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशव्या मांडीवर घट्ट धरल्या होत्या. माझं सगळं पारखीपण तिथे गळून पडलं. मला एवढंच कळत होतं, की आता ही बाई इथे उतरणार, आणि मी काहीही करू शकणार नाही. 'उतरा' ऐकून बाहेर दोन पोरं खरंच बाज आणायला पळाली होती.

"भाऊ," सासूबाई हळूच म्हणाल्या. "गाडी तुमची हाय, मला ठावं हाय. जावायाचं बोलणं येडंवाकडं, पण मन वाकडं नाय. मी हितं उतरले तर ही मानसं बाज आणतील. मायेनंच आणतील वो. पण मी तिच्यावर निजून गेलते, निजून परत नाय जायचं मला. बसून जायचंय. तेवढी चढण चढवा. मंग काय पुसायचं ते मी पुसून देते."

शेखररावांनी बॉनेटवरच्या स्वस्तिकाकडे पाहिलं. मग चढणीकडे पाहिलं. मग आरशात सासूबाईंकडे पाहिलं. टोपी त्यांनी अजून काढली नव्हती.

"आजी," ते म्हणाले, "पट्टा लावा."

गिअरशेजारी फोर बाय फोरचं एक गोल बटण होतं. त्याच्यावर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच चिकटलेलं! शेखररावांनी ते नखाने सोललं आणि बटण फिरवलं. गाडीच्या पोटात काहीतरी खळखळलं. चार लिंबं फटाफट फुटली आणि गाडी निघाली!

पहिल्याच वळणाला करवंदीचे काटे दारावरून खर्रकन ओढले गेले. मी डोळे मिटले. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी एका बाजूला कलली, सासूबाईंचे एक्स-रे माझ्या डोक्यावर येऊन पडले. उज्वलाने आईचा हात घट्ट धरला. आता चेंबर फुटणार, मी मनात म्हणालो.

"अरे, चढतेय की!" शेखरराव ओरडले. "आजी, चढतेय बघा! अरे वा गं माझी बाई! वा!"

मी डोळे उघडले तेव्हा गाडी अंगणात उभी होती. नागलीच्या खळ्याला लागून!

सासूबाईंनी दार उघडायला कुणाला मदत करू दिली नाही. आधी काठी खाली आली, मग एक पाय, मग ऑपरेशनचा पाय. धापा टाकत मागून आलेल्या तानुबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासूबाई आपल्या दारात आपल्या पायांवर उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "नागली अशी वाळत घालतेत व्हय रे?" उज्वला रडायला लागली. मलाही रडू आलं. धुळीने आलं, असं मी राजूला सांगितलं.

मग मी शेखररावांजवळ गेलो. "गाडी पसंत आहे," मी म्हणालो. "आता व्यवहाराचं बोलायचं का?"

"कसला व्यवहार?" शेखरराव म्हणाले. ते दारावरच्या ओरखड्यांवरून हात फिरवत होते, पण पुसत नव्हते. "ही विकायची नाही! ही काय आहे ते मला आत्ता कळलंय!"

आणि गाडीत बसून त्यांनी खिडकीतून हाक दिली, "कोण येतंय फेरी मारायला?"

अख्खा पाडा आला. संध्याकाळपर्यंत शेखरराव चढण चढत होते आणि उतरत होते. मधेच त्यांनी बायकोला फोन लावला. "तयार राहा, रविवारी तुला फिरवतो!" ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण शेखरराव लाजले.

आता ते दोघं अधूनमधून पाड्यावर जातात. सासूबाई त्यांना नागलीची भाकरी करून घालतात, आणि गुडघा दाखवायला नाशकात यायचं झालं की शेखररावच त्यांना आणतात आणि सोडतात. पाड्यावर सगळे त्यांना अजून डायवरदादाच म्हणतात, आणि ते 'ओ'सुद्धा देतात!

आणि मी? माझी सासुरवाडीत कीर्ती झाली आहे. "जावायानं घेतलेली गाडी डायवरला देऊन टाकली! एवढं मोठं मन!" मी हे खोडून काढायचा एकदा प्रयत्न केला, तर पुंजामामा म्हणाले, "बघा, वर विनय बी हाय!" तेव्हापासून मी गप्प बसतो.

आम्ही एस.टी.ने जातो आणि पायथ्यापासून चालत चढतो. परवा राजूचा फोन आला, "दाजी, कसे येताय?" मी तोंड उघडलं, आणि उज्वलाने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला.

बरं केलं! मी म्हणणारच होतो, "एस.टी. घेऊन येतोय!"