चुटकीत पासष्ट क्षण

“एक क्षण थांबा” असं कुणी म्हटलं, की जोगळेकरसाहेब लगेच चुटकी वाजवतात. “एका चुटकीत पासष्ट क्षण बसतात, मुकादमशेठ. चौसष्ट जादा थांबलो!”

हा हिशोब म्हणे जुन्या बौद्ध पोथ्यांतला. साहेब नाशिकचे, इंजिनिअर. रियाधमध्ये आमच्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. खाली माझं एसीच्या सामानाचं दुकान. दापोलीहून एक बॅग घेऊन आलो आणि भांडून भांडून हे उभं केलं. भाव करताना मी तीनदा चिडतो, दोनदा खोटं आणि एकदा खरं. खरं कुठलं, ते हल्ली मलाही कळत नाही.

पण साहेबांवरचा राग खराच होता.

एक चिनी विक्रेता कॉम्प्रेसर दाखवायला आला होता. पारख करायला साहेबांना शेजारी बसवलं. दोन तास घासाघीस केली, मग “खलास!” म्हणत टेबलावर थाप मारून बाहेर पडलो. असं निघालं की समोरचा हाक मारतोच. दुकान माझंच होतं, हे उन्हात गेल्यावर आठवलं.

हाक आली नाही. आतून चुटकी ऐकू आली. साहेब त्याला इंग्रजीत विचारत होते, “तुमच्याकडे क्षणाला काय म्हणतात हो?”

“छाना.”

“ऐकलंत का शेठ? आपलाच क्षण! पोथ्यांबरोबर चीनला गेला. त्यांनी उच्चारापुरती दोन अक्षरं जुळवली. तीच अक्षरं जपानला गेली, तिथे क्षणाचा सेत्सुना झाला!”

“अहो, माझा भाव!”

“एक क्षण, शेठ.”

विक्रेता खूश होऊन माझ्याच पावतीपुस्तकावर ती अक्षरं काढून दाखवत बसला. टक्कल भाजल्यावर मी आपणहून आत आलो. राग घामाबरोबर वाहून गेलेला, आणि रागाशिवाय मला भाव करता येत नाही. त्याच्याच भावाने माल घेतला. वर चहाही मीच पाजला.

महिनाभर अबोला धरला. तरी साहेबांवरचा राग जाईना, म्हणून एका शुक्रवारी सकाळी भांडायलाच वर गेलो.

दार उघडंच होतं. साहेबांसमोर फोन, फोनमध्ये चार वर्षांची नात. लेक ओसाकात, जावई जपानी. पोरीला मराठी येत नाही, साहेबांना जपानी. तिने इवलीशी चुटकी वाजवायचा प्रयत्न केला, वाजली नाही.

“सेत्सुना,” साहेब म्हणाले.

“क्ष...ण,” ती अडखळत म्हणाली.

दोघं हसली. पुढचा शब्द दोघांकडेही नव्हता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

माझी पोरं एकाच छपराखाली राहतात. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात, आणि मी चिडतो. खरं चिडतो.

साहेबांचं लक्ष गेलं. “काय शेठ, काही काम होतं?”

“चालू द्या,” मी चपलांपाशी बसत म्हटलं. “थांबतो एक क्षण.”

साहेबांनी चुटकी वाजवली नाही.