अर्धा पुठ्ठा, अकरा मिनिटं

गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर माझ्यापासून काही लपवूच शकत नाही! जबलपुरात फौजी गाड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी हे कूलरच तपासले. तेल कूलरमध्ये शिरताना किती गरम, बाहेर पडताना किती? दोन्हींत फरक मोठा, तर कूलर तंदुरुस्त. फरक घटला, तर आजारी. बस! एवढ्या विद्येवर मी घर बांधलं, यशोधनला शिकवलं आणि मानाने रिटायर झालो.

यशोधन, म्हणजे मुलगा, पुण्यात असतो. बायको सुनेत्रा तीन वर्षांपूर्वी गेली. विजय नगरच्या घरात आता मी आणि टीव्ही. त्यातला टीव्हीच जास्त बोलतो.

"बाबा, बाहेर पडत जा," म्हणून यशोधनने त्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी मला दिली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या गिअरबॉक्सचं तेल तापलं, तेव्हा त्याने कुरियरने एक डबी पाठवली. डबीच्या दोन तारा कूलरच्या दोन टोकांना लावायच्या. फरक बारा अंशांखाली आला, की पुण्यात त्याच्या मोबाईलवर इशारा! मी तासाभरात बसवली.

महिनाभर कूलर ठणठणीत. यशोधनचा फोन रविवारी, दोन मिनिटं.

"जेवलात? गोळी घेतली? चलो, ठेवतो."

मग एका मंगळवारी नेपियर टाउनहून येताना एक प्लास्टिकची पिशवी उडून गाडीच्या कूलरपुढच्या जाळीत अडकली. घरी पोचतो तर फोन!

"बाबा, फरक नऊवर आला! काय करून राहिले तुम्ही?"

सात मिनिटं बोलला! तेही मंगळवारी! शेवटी तर "तुम्ही कसे आहात?" असंही विचारलं. मी पिशवी काढून टाकली आणि फोन पुन्हा रविवारवर गेला.

आता कारखान्यात आमची एक पद्धत होती. कूलर चोंदला तर काय होईल, हे बघायला आम्ही त्याच्या तोंडावर पुठ्ठा बांधायचो. पाव, अर्धा, पाऊण, अगदी मोजून. घरात खोव्याच्या जलेबीचा रिकामा खोका होता. मी कात्री काढली. वाचकहो, लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू! पण हात काही थांबला नाही.

पाव पुठ्ठा बांधला, तर फोन चार मिनिटं. अर्धा पुठ्ठा, अकरा! मी वहीत तक्ताच आखला. अर्ध्या पुठ्ठ्यावर तर त्याने एकदा विचारलं, "बाबा, आई वरणात कैरी कधी घालायची हो? आधी की नंतर?" मला कुठे माहीत! तरी मी चार मिनिटं सांगितलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी माझा वाढदिवस होता, एकोणसत्तरावा. तो फोन दोन मिनिटांत उरकला जाऊ नये, एवढीच माझी इच्छा. मी कूलरवर पूर्ण पुठ्ठा बांधला, सुतळीच्या चार गाठी मारून.

वाढदिवशी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात, लग्नसराईच्या गर्दीत, गाडीतला लाल दिवा लागला. गाडीने एक आचका दिला आणि रस्त्याच्या मधोमध बसली!

"दादाजी, धक्का लगा दें?"

"अरे भैया, ऑटोमॅटिक है! धक्के से नहीं चलेगी!"

"सब चलती है, दादाजी!"

आठ जण लोटायला लागले. त्यात एक साडीवाला, एक बँडवाला आणि त्याचा ढोलही! मागे ऑटोंचे हॉर्न. तेवढ्यात यशोधनचा फोन.

"बाबा, फरक दोन! दोन! आधी उतरा! मी पुंडलिकला पाठवतो."

पुंडलिक आमचा मेकॅनिक, मूळचा वर्ध्याचा. तो स्कूटरवरून आला, बॉनेट उघडलं, वाकला आणि त्याने सगळ्या बाजाराच्या साक्षीने जलेबीचा पुठ्ठा बाहेर ओढला.

"काकाजी, हे काहून?"

इतक्यात यशोधनचा पुन्हा फोन आला, तो मी उचलला. हातातल्या फोनच्या स्पीकरवरून यशोधन ओरडला, "पुंडलिक, काय निघालं?"

पुंडलिकने गाठी पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"कचरा होता, भैया. उडून आला असन."

"बघा! बाबांना किती त्रास! पुंडलिक, यापुढे इशारा थेट तुझ्या मोबाईलवर येईल, मी मध्ये नकोच. बाबा, आता बिनधास्त राहा. हॅपी बर्थडे! चलो, मीटिंग आहे."

पूर्ण पुठ्ठा, दीड मिनिट. ती नोंद करताना मला फार वाईट वाटलं.

नंतर तीन दिवस मी गाडी काढलीच नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. धावलो, गुडघा टीपॉयवर आपटला. फोन पुंडलिकचा होता.

"काकाजी, गाडी काढून नाही राहिले? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे रे."

"एक बोलू? भैयाशी बोलावं वाटते, तर तुम्हीच लावत जा ना फोन. कूलरला काहून तरास देता?"

खरं सांगतो, हे मला एकदाही सुचलं नव्हतं! मला नेहमी वाटायचं, तो कामात असेल, कशाला त्रास द्या. पण त्या दिवशी धीर करून फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"बाबा? काय झालं? गाडी ठीक आहे ना?"

"गाडी मस्त आहे," मी म्हणालो.

"अच्छा. मग?"

मग काय? पुढे काय बोलायचं, ते मला सुचेना. त्यालाही सुचेना. तो आता "चलो" म्हणणार, हे मला कळलं.

"थांब, यशो," मी घाईघाईने म्हणालो, "कूलरमधून जरा आवाज येऊन राहिला."

"आवाज? कसा आवाज? नीट सांगा, बाबा."

मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो. कूलरला आवाज नसतो, हे आपलं तुमच्यापुरतंच ठेवा.