निर्दोष वर्तनाचे मासे

डेव्हेंटर शहरातील रेन्स बाउमा या गृहस्थाने आपल्या मुलीला, फेन्नाला, सातव्या वाढदिवसाला मासा देण्याचे कबूल केले होते. एकच मासा. रंगाची अट नव्हती. फेन्नाने त्याचे नावसुद्धा ठरवून ठेवले होते, योप.

एखाद्या शहाण्या माणसाने हे काम दुकानात जाऊन उरकले असते. पण रेन्स पडला अस्सल डच. त्या देशात दोन माणसे भेटली की कॉफी होते आणि तिसरा आला की मंडळ स्थापन होते. कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्या मंडळाचे सभासद व्हायचे, ही तिथली रीत. रेन्स ‘गोडे पाणी व जलवनस्पती मंडळा’चा रीतसर सभासद झाला.

मंडळाचे अध्यक्ष फेल्टहाउस वेळ ठरवून घरी आले. रेन्सच्या बायकोने, हिल्केने, त्यांना कॉफी दिली, एक बिस्किट दिले आणि डबा बंद केला.

“मासा?” अध्यक्षांनी उष्टे बिस्किट बशीत ठेवले. “बाउमा, मासा सगळ्यात शेवटी. आधी माती, मग वाळू, मग झाडं. मग टाकी मुरू द्यायची. हेरिंग मासळी तरी न मुरवता खाता का तुम्ही?”

“पण मुरायला वेळ किती लागेल?”

“ते टाकी ठरवते. आपण कोण?”

काचेची टाकी दर्शनी खिडकीत बसली. पुढे बुटकी झाडे, मागे उंच झाडे आणि मधून तिरकी चढत जाणारी हिरवी गल्ली, अशी शास्त्रशुद्ध मांडणी झाली. रेन्स कोपरापर्यंत हात बुडवून तासन् तास रोपे खोचत बसे. कामाला जाताना बायकोला टाटा करायचा विसरे, टाकीतल्या गल्लीला करी.

मग काचेवर तपकिरी शेवाळ चढले. अध्यक्षांनी टाकीवरचा दिवा कमी लावायला सांगितले. दिवा कमी झाला तशी झाडे सुकली. झाडांना जोम यावा म्हणून कार्बन डायऑक्साइड वायूचे नळकांडे आणले. झाडे तरारली, त्यांच्या पानापानातून बुडबुडे निघू लागले. रेन्सला आनंदाने नाचावेसे वाटले आणि तो खरोखरच नाचला. खिडकीला पडदा नसल्यामुळे सगळ्या आळीने ते पाहिले.

“आता मासा आणू?” त्याने फोन करून विचारले.

“एवढ्या वायूत? गुदमरून मरेल हो बिचारा!” अध्यक्ष कळवळले. “माशांवर प्रेम आहे ना तुमचं?”

“म्हणजे काय! आहेच.”

“मग आणू नका.”

वाढदिवस आला. नातेवाईक टाकीसमोर गोल करून बसले आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे एकमेकांचेच अभिनंदन करू लागले. फेन्नाला भेट म्हणून लांब चिमटा मिळाला, रोपे खोचण्याचा, उत्तम पोलादी.

“मासे कुठायत रे?” आत्याने विचारले.

“हळू बोल गं,” रेन्स म्हणाला. “टाकी मुरतेय.”

हिवाळ्यात घरपरीक्षण जाहीर झाले. यात परीक्षक सभासदाच्या घरी येऊन त्याच्याच सोफ्यावर बसतात, गप्प राहून टाकी पाहतात आणि गुण देतात. टाकी खोलीत शोभून दिसते का, यालाही गुण असतात. म्हणून रेन्सने आधी खोलीतला पसारा काढला, मग जेवणाचे टेबल काढले, मग टीव्ही काढला. घरातली माणसे जिन्यात बसून मांडीवर बटाटे खाऊ लागली.

“हिल्के, तो लाल स्वेटर घालू नकोस,” तो म्हणाला. “टाकीत मधोमध लाल झाड आहे. खोलीत लाल एकच हवं.”

“मग मीच खोलीत येत नाही की!”

“चालेल?” रेन्सने मोठ्या आशेने विचारले.

परीक्षक आले, बसले. ‘माशांचे वर्तन’ या सदरापाशी त्यांची कुजबुज झाली. मासा पाने कुरतडतो का? नाही. वाळू उकरतो का? नाही. मारामाऱ्या? छे. “ज्या टाकीत मासेच नाहीत, त्या टाकीतल्या माशांचं वर्तन निर्दोष मानलंच पाहिजे,” सोबत आलेले अध्यक्ष म्हणाले. पैकीच्या पैकी गुण पडले. टाकी पहिली आली आणि थेट राष्ट्रीय फेरीत गेली.

वसंतात, राष्ट्रीय फेरीच्या तोंडावर, फेन्नाने घरामागच्या चरातून जाळीने एक काटेरी इवलासा मासा पकडला. जॅमच्या बरणीत घालून त्याला जिन्याच्या पायरीवर ठेवले. योप अखेर आला होता. अंतिम पाहणीला आलेले अध्यक्ष बरणीला अडखळले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“अगं, हा तर घरटं बांधतो! गवताच्या काड्या दे त्याला, बघ कसा ओढून नेतो!” म्हणत ते चक्क पायरीवर पालथे झाले. हिल्के लाल स्वेटरसकट धावत आली. रेन्स हसला, सगळेच हसले. त्या घरात टाकी आल्यापासून कुणी इतके हसले नव्हते.

मग अध्यक्ष उठले. त्यांनी गुडघे झटकले. “घरात मासा आहे, म्हणजे वर्तन आलं. त्याने आत्ताच दोनदा काचेवर नाक आपटलं. बरणी राहिली तर टाकी फेरीतून बाद.”

त्या देशात कुणावर जबरदस्ती करत नाहीत. सगळ्यांनी बसायचे, बोलायचे आणि एकमत झाल्याशिवाय उठायचे नाही. सगळे बसले. कॉफी झाली, पुन्हा कॉफी झाली.

“फेन्ना, तुझं मत काय?” अध्यक्षांनी अदबीने विचारले.

“योप इथेच राहणार.”

“छान मत आहे. ऐकलं हं आम्ही. आता एकमत काय?”

फेन्नाने बाबांकडे पाहिले. बाबांनी टाकीकडे पाहिले. शेवटी ती पेंगायला लागली तेव्हा तिची मान खाली गेली आणि ठराव एकमताने संमत झाला. योप परत चरात गेला.

रेन्सची टाकी देशात पहिली आली. बक्षीस घेताना त्याने मागे वळून पाहिले, तर फेन्नाची खुर्ची रिकामी होती. ती चराच्या काठावर गेली होती, पाण्यात काड्या टाकत बसायला. तो दाराकडे वळला. पण तेवढ्यात छायाचित्रकाराने “हसा” म्हटले आणि तो हसला.

तुम्हीही हसलात ना? हसा. मात्र हसून झाल्यावर आपल्या दिवाणखान्यातल्या शोकेसकडे एकदा बघा. त्यातला सोनेरी काठाचा कपबशीचा सेट घरात चहा प्यायला म्हणून आणला होता. गेल्या खेपेला तुमच्या लेकीने त्यातला कप काढला, तेव्हा तिला काय म्हणालात, तेवढे आठवा.